मदत हवी आहे: मराठीतून बुद्ध्यांक चाचणी कुठे होते?

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागचे, मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. शाळेने सांगितलं म्हणून बुद्ध्यांक चाचणी केली, ९२ आला. सरासरी १००, आणि ८५ ते ११५ मध्ये साधारण दोन तृतीयांश माणसं बसतात, त्यामुळे आकड्याचं टेन्शन मला नाही. (सासूबाईंना आहे, तो वेगळा विषय.)

पण चाचणी इंग्रजीतून घेतली! ठोकळ्यांच्या नक्षीत पठ्ठ्या भराभर पुढे, शब्दार्थांत गप्प. बाहेर येऊन विचारतो, "आई, अम्ब्रेला म्हणजे काय गं?" घरी छत्रीची काडी निसटली की हाच तारेने बांधतो.

बिने-कामत चाचणी मराठीतून होते ना? दादर-परळकडे कोण घेतं? आणि लगेच पुन्हा चाचणी दिली तर सरावाने आकडा फुगेल का?