बाळाची 'बेरा' ही श्रवणचाचणी आताच करावी की सहा महिने थांबावे? मदत हवी आहे

कृष्णाकाठ
रुग्णालयातून घरी सोडताना झालेल्या ओएई या ऐकण्याच्या प्राथमिक चाचणीत माझ्या मुलीच्या दोन्ही कानांपुढे 'रेफर' (पुढील तपासणी हवी) असा शेरा आला. बालरोगतज्ज्ञ बेरा, म्हणजे डोक्याला तारा लावून आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी, करून घ्या म्हणतात. घरच्या ज्येष्ठांचे म्हणणे असे, की पाळण्यामागे थाळी वाजवली की ती दचकते, मग एवढ्याशा जिवाच्या डोक्याला तारा कशाला लावायच्या? उद्यापर्यंत कळवायचे आहे. थांबल्याने नेमके काय बिघडते, हे कृपया कोणी स्पष्ट सांगावे.

श्रवणतज्ज्ञ_सोलापूर
बाळाचे वय किती? दिवस पूर्ण भरले होते का? काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते का? कावीळ कितपत होती? हे कळल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही.

वसंतराव
आमचा नातू तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज उत्तम बोलतो. घाई करू नका. कानात कोमट तेलाचे दोन थेंब घालत जा, मळ असेल तर सुटेल.

श्रवणतज्ज्ञ_सोलापूर
वसंतराव, आपला नातू ऐकत होता, म्हणून थांबणे निभावले. तेल मात्र कृपया कोणीही बाळाच्या कानात घालू नये. थाळीचा आवाज इतका मोठा असतो, की मध्यम बहिरेपण असलेले मूलही त्याने दचकते. त्याच मुलाला आईचे साधे बोलणे पुरते पोहोचत नसते. शिवाय ऐकू न येणारी बाळेही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतात, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही.

कृष्णाकाठ
ती आता चार महिन्यांची होईल. आठव्या महिन्यात जन्मली, पेटीत होती, आणि कावीळ वाढल्याने रक्त बदलावे लागले होते. माझे लग्न आतेभावाशी झाले आहे. त्याचा काही संबंध असतो का?

श्रवणतज्ज्ञ_सोलापूर
ताई, या गोष्टी पहिल्याच संदेशात यायला हव्या होत्या. जवळच्या नात्यातील विवाहात आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते, पण आत्ता अधिक महत्त्वाची आहे ती कावीळ. तिच्यामुळे श्रवणनसेला इजा होऊ शकते, आणि ओएई केवळ आतल्या कानातील केसपेशींचा प्रतिसाद मोजते. आवाज नसेतून मेंदूकडे जातो की नाही, हे बेराच दाखवते. म्हणजे अशा बाळाची ओएई 'पास' आली असती, तरी मी बेरा सांगितलीच असती. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांची सुरुवात, असा क्रम जगभर मानला जातो. तुमचा निदानाचा टप्पा आधीच उलटला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील १९९८ सालच्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती.

मेघना_नाशिक
माझ्या मुलाला दीड वर्षाचा असताना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे उपकरण) केले, आज तो मराठी शाळेत आहे. श्रवणयंत्रांमध्ये वेळ न घालवता थेट इम्प्लांटचेच बघा.

निनाद
अजून निदानही नाही, आणि आपण शस्त्रक्रियेवर पोहोचलात! माझे आईवडील कर्णबधिर आहेत. मेंदूला वेळेवर भाषा हवी असते, आणि ती हातांनीही मिळते. खुणांची भाषा पहिल्या दिवसापासून सुरू करता येते.

मेघना_नाशिक
आमच्या घरात खुणांची भाषा येणारे कोणीच नव्हते, मग त्याला ती शिकवणार कोण? प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी असते, निनाद.

श्रवणतज्ज्ञ_सोलापूर
दोन्ही मार्गांचा विचार अहवाल आल्यावर व्हावा. श्रवणयंत्र मात्र काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येते, आणि इम्प्लांट ठरले तरी आधी श्रवणयंत्र वापरून पाहिले जाते.

कृष्णाकाठ
उद्याच होकार कळवते. चाचणीसाठी भूल देतात का? तिला त्रास होईल का? खर्च फार येतो का?

श्रवणतज्ज्ञ_सोलापूर
या वयात बहुधा नैसर्गिक झोपेतच होते, दुखत अजिबात नाही. आदल्या दिवशी न्हाऊ घाला, पण त्यानंतर टाळूवर, कपाळावर आणि कानांमागे तेल लावू नका, कारण तारांची टोके चिकटत नाहीत. प्रवासात झोपू देऊ नका. तेथे पोहोचल्यावरच पाजा, म्हणजे गाढ झोपेल. खर्चाची अडचण असेल, तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, मुंबईला जाणे जमत असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्थेतही ही चाचणी होते. अहवालात प्रत्येक कानाची ऐकण्याची पातळी किती डेसिबल (आवाजाचे माप) आली आहे, ते येथे लिहा.