जायचे आहे, असे तो म्हणाला तेव्हा (अनुभव धागा)

खेळाडू क्लब सोडून गेला की नवा सामना येतो, नवा खेळाडू येतो आणि मन कुठेतरी रमते. मला त्याहून अवघड वाटतात ते आधीचे दिवस. त्याला जायचे आहे हे जगजाहीर झालेले असते, तरी तो आपल्याच रंगाची जर्सी घालून मैदानात उतरत असतो, आणि त्याने गोल केला तर टाळी वाजवावी की नाही, हे हातांना ठरवता येत नाही.

मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता. ऑक्टोबर २०१० मध्ये वेन रूनीला क्लब सोडायचा आहे, हे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी पत्रकारांसमोर सांगितले आणि तिसऱ्या दिवशी रूनीने पाच वर्षांच्या नव्या करारावर सही केली. सगळे मिळून एका आठवड्याचे नाट्य. पुढे फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याने हवेत उलटे होऊन मारलेला गोल बहुतेकांनी पाहिला असेल. मीही खुर्चीतून उठलो, पण उभा राहता राहता ‘हा तर जाणार होता’ हे मनात आलेच. आज इतक्या वर्षांनंतरही तो गोल पाहताना ते वाक्य मागून येते.

कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा इथे करायचा नाही. खेळाडूची इच्छा कळल्यापासून तो गेला किंवा राहिला तोपर्यंत तुमच्या मनाचे काय झाले, तेवढे सविस्तर लिहावे. स्थानिक संघांविषयी लिहिताना कृपया नावे टाळावीत.

वॉरिंग्टन, इंग्लंड

११ मे २०२५ रोजी मी लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर होतो. सहकाऱ्याला अचानक गावी जावे लागले आणि त्याची जागा मला मिळाली, एरवी तिथले तिकीट हाती लागणे कठीणच. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने करार संपताच निघणार असल्याचे आदल्या सोमवारी जाहीर केले होते. लिव्हरपूलने दोन आठवड्यांपूर्वीच प्रीमियर लीगचे विजेतेपद नक्की केले होते, त्यामुळे आर्सेनलविरुद्धचा तो सामना खरे तर उत्सवाचा होता. उत्तरार्धात तो बदली खेळाडू म्हणून आत आला आणि हुर्यो सुरू झाली. काही जण टाळ्या वाजवत होते, काही जण टाळ्या वाजवणाऱ्यांकडे रागाने पाहत होते. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ यांपैकी काहीच करत नव्हते. ट्रेंटच्या पायाशी चेंडू आला की ते खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागत, आणि हे त्यांनी निदान चार वेळा केले.

बाहेरच्यांना हा राग अतिरेकी वाटला. मात्र तो त्याच शहरात जन्मलेला, सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत आलेला मुलगा होता. २०१९ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध बचावपटू बेसावध असताना त्याने घाईने घेतलेला कॉर्नर तिथली मुले अजून गल्लीत खेळून दाखवतात. करार संपू दिल्यामुळे क्लबच्या हाती जवळजवळ काहीच पडणार नव्हते. महिनाभर आधी सोडण्यासाठी, तो जिथे चालला होता त्या रेआल माद्रिदने थोडी रक्कम मोजली खरी, पण त्याच्या दर्जाच्या खेळाडूची ती किंमत नव्हे. इतर कोणी गेला असता तर त्याला ‘व्यवहार’ म्हटले असते. हा गेला तेव्हा माझे इथले मित्र ‘त्याने आपल्याला सांगायला इतका उशीर का केला’ असे विचारत होते, जणू तो त्यांच्या घरात राहत होता.

मी हुर्यो केली नाही. बारा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या आहेत आणि प्रत्येक वेळी निरोपाला केक कापला गेला आहे. मात्र टाळ्याही वाजवल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

न्यूकॅसल, इंग्लंड (मूळचा पुण्याचा)

वरच्या अनुभवातील खेळाडू शेवटपर्यंत खेळायला तयार तरी होता. आमच्या न्यूकॅसल युनायटेडच्या अलेक्झांडर इसाकने मार्च २०२५ मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्धच्याच अंतिम सामन्यात गोल करून देशांतर्गत चषकाची सत्तर वर्षांची प्रतीक्षा संपवली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो संघाबाहेर बसून राहिला. दिलेला शब्द पाळला गेला नाही असे त्याचे म्हणणे, आणि तसा शब्द दिलाच नव्हता असे क्लबचे. खरे काय ते त्यांनाच ठाऊक. १ सप्टेंबरला साडेबारा कोटी पौंडांना तो लिव्हरपूललाच गेला.

मी इथे शिकायला आलो तेव्हा ज्या घरात खोली घेतली, त्या घरमालकाच्या स्वयंपाकघरात चषकासह संघाचे छायाचित्र लावलेले आहे. ऑगस्टमध्ये एक दिवस पाहिले, तर इसाकच्या चेहऱ्यावर फ्रिजवरचे एक चुंबक सरकवलेले होते. छायाचित्र काढून टाकणे मालकांना शक्य नव्हते, कारण चषक त्यातच होता.

नाशिक

मेस्सीबद्दल कोणी तरी लिहिणारच होते, तर मीच लिहिते. बायर्नकडून ८-२ असा पराभव झाल्यानंतर अकरा दिवसांनी, २५ ऑगस्ट २०२० रोजी, त्याने बार्सिलोनाला बुरोफॅक्स पाठवला. बुरोफॅक्स म्हणजे स्पेनमधील आपल्या पोचपावतीच्या रजिस्टर पत्रासारखा प्रकार, हे मला त्या रात्री कळले. टाळेबंदीचे दिवस होते, घराबाहेर पडणे नव्हते, आणि मी एका परक्या देशातील टपालपद्धतीविषयी पहाटे दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते.

वाद तारखेचा होता. हंगाम संपल्यावर मोफत निघण्याची त्याला करारात मुभा होती, पण तसे १० जूनपूर्वी कळवायला हवे होते, असे क्लबचे म्हणणे. त्याचे म्हणणे असे की महामारीमुळे हंगामच ऑगस्टपर्यंत लांबला, तर तारीखही लांबणारच. नाहीतर सत्तर कोटी युरो मोजा, असे क्लबचे उत्तर. शेवटी, ज्या क्लबवर प्रेम केले त्याला न्यायालयात खेचणार नाही, असे सांगून तो थांबला.

मला आनंद व्हायला हवा होता, परंतु ते वर्ष मी पाहुण्यासारखे पाहिले. त्याने फ्री किक मारली की मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायची, चेंडूकडे नाही. घरात कोणी मनाविरुद्ध जेवायला बसले, की आपण पानातल्या पदार्थांपेक्षा त्याच्याकडेच पाहत राहतो, तसे ते होते. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला राहायचे होते आणि लीगच्या आर्थिक नियमांमुळे क्लबला त्याची नोंदणी करता येईना. तो रडला तेव्हा मी रडले नाही; माझे रडून आधीच्या वर्षी झाले होते.

ठाणे

मला फुटबॉल कळत नाही, अनुभव मुलाचा आहे. २०१७ च्या मे महिन्यात, त्याच्या नवव्या वाढदिवसाला, फॅशन स्ट्रीटवर बरीच घासाघीस करून नेमारची ११ क्रमांकाची बार्सिलोनाची जर्सी घेतली होती. ऑगस्टमध्ये नेमार पॅरिसच्या क्लबकडे गेला. त्यासाठी मोजलेले बावीस कोटी वीस लाख युरो हा आकडा मुलाने मला इतक्या वेळा सांगितला की तो अजून पाठ आहे. जर्सी घालायची की नाही यावर त्याने दोन दिवस विचार केला आणि पाठीवरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावून शाळेच्या मैदानावर गेला. पट्टी धुताना निघायची आणि तो दर शनिवारी नवी लावायचा.

मडगाव, गोवा

आमच्याकडे एक खेळाडू नव्हे, अर्धे घरच उठून गेले. २०१९-२० मध्ये एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या साखळीत अव्वल ठरला, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीचे दार भारतीय क्लबसाठी पहिल्यांदा उघडले, आणि पुढच्या हंगामाआधी प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा मुंबई सिटीत दाखल झाले. त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू आणि आमचा मंदार राव देसाईही. लोबेरांना हंगाम संपण्याआधीच आम्ही काढून टाकले होते, त्यामुळे त्यांच्यावर रुसण्याचा हक्क आम्हाला फारसा नव्हता. परदेशी खेळाडू येतात तसे जातात, हेही समजते. मंदारचे मात्र लागले. तो गोव्याचा, फातोर्ड्याच्या आमच्या स्टेडियमच्या गॅलरीतून त्याला कोकणीत हाक मारली तर तो मान वळवणार.

त्या हंगामातील सर्व सामने महामारीमुळे गोव्यातच, बंद दारांआड झाले. उपांत्य फेरीत मुंबईने आम्हाला पेनल्टींवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी चषक उचलला, तोही फातोर्ड्याला. हा चषक आम्ही २०१५ मध्ये आमच्याच मैदानावर अंतिम सामन्यात गमावला होता, २०१९ मध्ये पुन्हा गमावला. आता तो आमच्या स्टेडियमात आला, आमच्याच माणसाच्या हातात, आणि मी तीन किलोमीटरवर घरात दूरदर्शनसंचापुढे. वडील म्हणाले की चवथीला मुंबईचा पाहुणा येतो तसा चषक येऊन गेला.

ब्रँडन फर्नांडिस २०२४ मध्ये कर्णधारपद सोडून त्याच वाटेने मुंबईला गेला, तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. सवय झाली होती, आणि मला वाईट वाटले ते या सवयीचे.

मंगळवार पेठ, कोल्हापूर

वरचे आकडे वाचून आमचा अनुभव लिहावा की नाही असे झाले, कारण इथे कोटींचा प्रश्न नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पेठेचा मुलगा पेठेच्या तालमीकडून खेळतो आणि शाहू स्टेडियमवर त्याचा काका, मामा, शेजारी सगळे एकाच बाजूला बसतात. दरवर्षी हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते. नोंदणीपूर्वीचे ते काही आठवडे म्हणजे आमची ट्रान्सफर विंडो, खेळाडूंनी संघ बदलण्याचा काळ.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील डाव्या पायाचा एक विंगर (कडेने खेळणारा खेळाडू) दुसऱ्या पेठेच्या संघाशी बोलणी करत असल्याचे कानावर आले. त्याला कोणी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. चहाच्या गाडीवर तो आला की गप्पांचा विषय बदलत असे. गणपतीत तो आरतीला आला नाही, त्याची आईही आली नाही, आणि दोघे का आले नाहीत हे सर्वांना ठाऊक असून प्रसाद त्यांच्या घरी पाठवायचा की नाही यावर चर्चा झाली. शेवटी माझे मामा स्वतः प्रसाद घेऊन गेले. तालमीच्या संघाचे बूट, पाणी, जेवण त्यांच्याकडे असते, म्हणून मीही सोबत होतो.

त्याने आम्हाला बसायला सांगितले आणि आपण होऊन विषय काढला. तिकडे महिन्याचे मानधन ठरले होते आणि एकाने नोकरीचा शब्द दिला होता. वडिलांचे कर्ज होते. तालमीने बाराव्या वर्षापासून बूट दिले हे विसरलो नाही, असे तो म्हणाला. मामांनी एवढेच विचारले की तिकडचे लोक डॉक्टरचे पैसे देणार आहेत का, कारण त्याचा गुडघा दोनदा दुखावलेला होता. त्याने ते विचारलेच नव्हते. मामांनी त्याला ते लेखी घ्यायला सांगितले. मला त्या क्षणी मामांचा भयंकर राग आला होता.

पुढे त्याने आमच्याविरुद्ध गोल केला, हात वर केले नाहीत, तरीही आमच्या बाजूने शिव्या आल्याच. मी दिल्या नाहीत असे म्हणणार नाही. त्या वर्षी त्याची ७ क्रमांकाची जर्सी कोणाला द्यायची नाही, असे मामांनी मनाशी ठरवले होते. पण तालमीने अठराच जर्सी शिवून घेतल्या होत्या आणि खेळाडूही अठराच होते. ती एका सतरा वर्षांच्या मुलाला मिळाली, त्याच्या खांद्यावरून ती सारखी घसरत असे, आणि मामा प्रत्येक सामन्याआधी तिला आतून एक टाचणी लावत.