चौघं, एक केबिन, सात रात्री: बॅगा कशा भरायच्या?

सागरओढ
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच क्रूझला चाललोय, सात रात्रींची आहे, त्यातले तीन दिवस पूर्ण समुद्रात आणि बाकीचे बंदरांवर. मी, नवरा, सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा, चौघं एकाच केबिनमध्ये. केबिन बाथरूम धरून साधारण १७० चौरस फूट असं लिहिलंय आणि ते वाचल्यापासून मला सारखं वाटतंय की चार माणसं, चार बॅगा, चार जणांच्या चपला, ओले टॉवेल हे सगळं मावणार कुठे. सासूबाईंना समुद्र बघायची लहानपणापासूनची हौस आहे, त्यांचे गुडघे दुखतात आणि दिवसातून तीनदा गोळ्या असतात, त्यामुळे त्यांना पसाऱ्यातून वाट काढत फिरायला लागू नये एवढंच मला मनापासून वाटतंय. आत्तापर्यंत प्रत्येक ट्रिपला मी माणशी एक बॅग अशीच भरत आले, तेच करू का? इस्त्री न्यावी का? आणि नेहमी राहून जातं असं काय असतं तेही सांगा प्लीज.

निळीछत्री
अगं माणशी एक बॅग नको करूस, हे पहिलं सांगते. एखादी बॅग मागे राहिली किंवा विमानातच उशीर झाला तर एका माणसाचं सगळंच गेलं ना, जहाज काही बॅगेसाठी थांबत नाही, ते पुढच्या बंदराला निघून जातं. त्यापेक्षा प्रत्येकाचे कपडे दोन बॅगांत अर्धे अर्धे टाक. पॅकिंग क्यूब्ज घे, म्हणजे बॅगेत कपडे वेगवेगळे ठेवायच्या चेनवाल्या कापडी पिशव्या, प्रत्येकाला एक रंग, सासूबाईंचा निळा म्हणजे निळाच, मग बॅग कुठलीही उघडली तरी शोधाशोध नाही आणि केबिनमध्ये गेल्यावर क्यूब उचलून सरळ ड्रॉवरमध्ये ठेवायचा, उलगडायची पण गरज नाही.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. क्रूझमध्ये दोन वेळा अशा येतात की मोठ्या बॅगा तुझ्या हातात नसतात. पहिला दिवस आणि शेवटची रात्र. पहिल्या दिवशी टर्मिनलवरच टॅग लावून बॅगा देऊन टाकायच्या असतात, त्या स्कॅन होऊन नंतर केबिनच्या दाराशी येतात, कधी दुपारी चारला तर कधी रात्रीचं जेवण झाल्यावर. केबिनसुद्धा बऱ्याचदा दुपारी एक-दीडपर्यंत तयार नसते. म्हणजे चढल्यापासून पाच-सहा तास तू फक्त खांद्यावरच्या बॅगेवर आहेस. तिच्यात पासपोर्ट, कागद, सगळी औषधं (दोन दिवसांची नाही, सगळीच), चष्मे, चार्जर, दागिने असतील तर ते, आणि मुलाचा स्विमिंगचा ड्रेस नक्की. पहिल्या दुपारी पूल मोकळा असतो, नंतर तेवढा मोकळा मिळत नाही.

आता इस्त्रीचं. आम्ही पहिल्या वेळी छोटी प्रवासी इस्त्री नेली होती. सगळ्यांच्या बॅगा दाराशी आल्या, आमची एक येईना, साडेनऊ झाले, मुलगी झोपेला आलेली आणि तिचा नाईट ड्रेस त्याच बॅगेत. शेवटी फोन आला की खाली सिक्युरिटीकडे या. खालच्या डेकवर लांबलचक टेबल, त्यावर आमची बॅग उघडी, इस्त्री बाजूला काढून ठेवलेली आणि तिला नंबराची चिठ्ठी बांधलेली. काही रागावले नाहीत, शेवटच्या दिवशी परतही दिली, पण मी तिथे उभी राहून रडवेली झाले होते. इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, किटली, मेणबत्ती यातलं काही नेऊ नकोस. हेअर ड्रायर केबिनमध्ये बहुतेक असतोच. सुरकुत्या न पडणारे कपडे घे आणि गुंडाळून भर, तेवढं पुरतं.

डेकवरचा
ताई, मी सहा वर्षं जहाजावर हाउसकीपिंगला होतो, त्यामुळे १७० चौरस फुटांत चौघं कसे राहतात हे रोज बघितलंय आणि छान राहतात, काळजी करू नका. फक्त सामान जमिनीवर ठेवायचं नाही, हा एकच नियम. पलंग मुद्दाम उंच असतात, रिकाम्या बॅगा खाली सरकवायच्या, एकात एक घालता आल्या तर अजून उत्तम. तुमचं तिसरं-चौथं बेड बहुतेक भिंतीतून किंवा छतातून खाली येणारं असेल, ते रात्री उघडल्यावर शिडी लागते आणि शिडीच्या पायाशी चपला असल्या की वयस्कर माणूस अडखळतो, हे मी स्वतः पाहिलंय. सासूबाईंना खालचा पलंग आणि बाथरूमची वाट पूर्ण रिकामी.

भिंतींचा उपयोग करा. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर स्टीलच्या असतात, वरून प्लास्टिकसारखं आवरण दिसतं पण लोहचुंबक चिकटतो. मॅग्नेटवाले हुक सात-आठ आणा. टोप्या, पिशव्या, ओले कपडे, मुलाचं जॅकेट, सगळं भिंतीवर जातं आणि जमीन मोकळी होते. दाराच्या मागे लटकवायचा कप्प्यांचा चपलांचा ऑर्गनायझर असतो ना, तो बाथरूमच्या दारावर लावला की कंगवे, क्रीम, सनस्क्रीन, ब्रश सगळं त्यात, कारण बेसिनपाशी शेल्फ हाताएवढं असतं. मात्र दार बंद होतंय ना आणि रंगाला ओरखडे पडत नाहीत ना ते बघा.

चार्जिंगबद्दल नीट वाचा कारण इथे लोक हमखास चुकतात. सॉकेट कमी असतात म्हणून घरचा एक्स्टेंशन बोर्ड आणतात, त्यात बऱ्याचदा सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) असतो आणि तो जप्त होतो. हा उगाच केलेला नियम नाहीये. घरी एका तारेत करंट असतो आणि दुसरी न्यूट्रल, पण जहाजावर वायरिंग वेगळं असतं, दोन्ही तारा जिवंत असू शकतात, आणि तिथे सर्ज प्रोटेक्टर बिघडला तर तापून आग लागू शकते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये याबद्दल सावधगिरीचा इशारा काढला होता. समुद्रात आग म्हणजे काय हे जहाजावर काम केलेल्याला विचारा. तेव्हा नुसता युएसबी चार्जर घ्या, चार-पाच पोर्टचा, आणि आपल्या कंपनीची मनाई असलेल्या वस्तूंची यादी एकदा वाचून घ्या कारण प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे असतात.

अजून एक, सामान लावण्याच्या नादात सेफ्टी ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याचा सराव, पुढे ढकलू नका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज खडकाला धडकून कलंडलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हा चढल्यापासून २४ तासांत केला तरी चालायचा. २०१५ पासून नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी तो व्हायलाच हवा. तुम्हाला सांगायचं कारण असं की दाराजवळच्या एका हुकवर सासूबाईंच्या गोळ्या, चष्मा आणि छोटी टॉर्च अशी एक पिशवी कायम टांगलेली असू द्या, कधी अलार्म वाजला तर ती उचलायची आणि निघायचं. आणि त्यांचं जमायचं ठिकाण किती जिने लांब आहे ते पहिल्याच दिवशी चालून बघा, गुडघ्यांचं असेल तर स्टाफला आधी सांगून ठेवा, ते मदत करतात.

सागरओढ
किती मनापासून लिहिलंत दोघांनीही, खूप आभार! दाराजवळच्या पिशवीचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. इस्त्री रद्द. आता अजून दोन प्रश्न, कपडे नक्की किती न्यायचे, कारण मी यादी केली तर माणशी चौदा जोड झाले, आणि बोट लागली तर काय? आम्ही कोणीच कधी समुद्रात गेलेलो नाही.

भरतीओहोटी
चौदा नको हो, निम्मे पुरतात. सात रात्रींना दिवसाचे चार-पाच सेट, संध्याकाळचे तीन, आणि सात रात्रींच्या ट्रिपला एक-दोन फॉर्मल संध्याकाळी असतात बऱ्याच कंपन्यांत, त्यासाठी एक चांगला ड्रेस. एकाच रंगाच्या पँटवर सगळे शर्ट जातील असं बघा. स्विमिंगचे कपडे मात्र प्रत्येकी दोन, कारण केबिनमध्ये एसी असूनही बाथरूममध्ये हवा खेळत नाही आणि सकाळी ओलाच ड्रेस चढवायला मुलं रडतात. शॉवरमध्ये वर बघा, बऱ्याच जहाजांवर एक गोल डबी असते, तिच्यातून दोरी ओढली की समोरच्या भिंतीला अडकते, तीच कपडे वाळत घालायची दोरी. आम्हाला ती पाचव्या दिवशी सापडली. पातळ कपडे धुवून पिळून आधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि मग टाकायचे, सकाळपर्यंत वाळतात. जीन्स वाळत नाही, दोन दिवस ओलीच राहते. बाल्कनी असली तरी तिथे कपडे टाकू नका, परवानगी नसते आणि वाऱ्याने जे उडालं ते समुद्रातच जातं.

वजन खरं वाढतं ते चपला-बुटांनी. चालायचे बूट, चप्पल, संध्याकाळचं एक पायताण, बस. जड ते प्रवासात पायात. आणि उकाड्याच्या भागात चाललात तरी शाल किंवा जॅकेट हवंच, थिएटरमध्ये आणि जेवणाच्या हॉलमध्ये एसी भयंकर असतो, सासूबाईंना तर नक्कीच लागेल. बीच टॉवेल नेऊ नका, जहाजावर मिळतात, फक्त परत करायचे नाहीतर बिलात लागतात. जहाजाला बॅगेचं फारसं काही वाटत नाही पण विमानाची मर्यादा असतेच, बऱ्याच कंपन्यांत इकॉनॉमीला २३ किलो, तेव्हा तोच हिशोब धरा.

बोट लागण्याचं म्हणाल तर गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही, तासभर आधीच घ्यावी लागते. पण सासूबाईंच्या बाकीच्या गोळ्या आहेत तर त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप आणि गुंगी येते आणि डुलणाऱ्या जहाजावर गुंगीत जिना उतरणं वाईट. आल्याच्या वड्या जवळ ठेवा. केबिन अजून बदलता येत असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची घ्या, तिथे डुलणं सगळ्यात कमी जाणवतं. त्रास झालाच तर खोलीत पडून राहू नका, बाहेर येऊन लांब क्षितिजाकडे बघायचं.

निळीछत्री
कागदांचं राहिलं माझं. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर निदान सहा महिने हवी, बरेच देश ते बघतात. आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो का ते आत्ताच तपास, कारण जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशात जाऊन परत पहिल्यात आलं तर ती दुसरी एंट्री धरली जाऊ शकते. काही जहाजांवर पासपोर्ट चढताना ठेवून घेतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो. बॅगांचे टॅग कागदी असतात आणि फाटतात, वरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण गुंडाळ. बॅगांचेही फोटो काढून ठेव.

बंदरावर उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेव. मोबाईल तिथल्या नेटवर्कची वेळ आपोआप घेतो, ती जहाजापेक्षा तासाने मागे असली तर चुकामूक होते, आणि जहाज सुटतं म्हणजे सुटतं. साधं मनगटी घड्याळ ने, मुलालाही एक. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल डोळे पांढरे करतं.

डेकवरचा
शेवटच्या रात्रीचं सांगायचं राहिलं, निळीछत्री ताईंनी वर म्हटलंय ती दुसरी वेळ. रात्री दहा-अकराच्या सुमारास बॅगा रंगीत टॅग लावून कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या असतात, त्या पहाटे खाली जातात आणि तुम्हाला थेट टर्मिनलमध्ये मिळतात. दर फेरीला निदान एक कुटुंब असं असायचं की सकाळचे कपडेही बॅगेत गेलेले. एकदा एक आजोबा नाईट ड्रेस आणि जहाजाच्या कागदी सपाता घालून उतरले, मी त्यांना माझं जॅकेट दिलं होतं. तेव्हा बॅगा भरायच्या आधी सकाळचे कपडे, बूट आणि गोळ्या पलंगावर काढून ठेवा, मगच बाकीचं भरा. सामान स्वतः ओढत उतरायचं असेल तर तसंही चालतं, पण लिफ्टला गर्दी असते आणि सासूबाईंना घेऊन ते नको.

केबिन साफ करताना आम्हाला सगळ्यात जास्त काय सापडायचं तर तिजोरीतले पासपोर्ट आणि सॉकेटमधले चार्जर. तिजोरीत सकाळी घालायच्या बुटातला एक बूट ठेवा, तो घेतल्याशिवाय पाऊल बाहेर पडणारच नाही. आणि भिंतीवरचे हुक काढताना मोजा.

सागरओढ
क्यूब्ज आणले, निळा सासूबाईंचा! त्या स्वतः बसून भरतायत आणि दर अर्ध्या तासाने विचारतायत की दाराजवळच्या पिशवीत अजून काय घालू. चौदा जोडांचे सात केले, दोन बॅगांत अर्धे अर्धे. एक शेवटचं, दादा, केबिनचं कार्ड त्याच मॅग्नेटच्या हुकवर टांगलं तर चालेल का? मुलगा म्हणतोय कार्ड हरवायला नको.

डेकवरचा
नको ताई, काही कार्डांवर चुंबकीय पट्टी असते, ती लोहचुंबकाने पुसली जाते आणि दार उघडत नाही. मोबाईलच्या मॅग्नेटवाल्या कव्हरमध्येही ठेवू नका. गळ्यातल्या दोरीत अडकवा, मुलाच्या तर नक्कीच. बिघडलंच तर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर लगेच नवीन करून देतात.