खचदरी, खोरं की द्रोणी?

मुलीला भूगोल शिकवताना अडलो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोळसापट्ट्याला एका ठिकाणी 'प्राणहिता-गोदावरी खचदरी' म्हटलंय आणि दुसरीकडे 'खोरं'. मी त्या रस्त्यानं सिरोंच्यापर्यंत गेलोय, दरी काही दिसली नाही. नक्की कुठला शब्द बरोबर?

— दरी दिसत नाही कारण ती भरून गेलीये :) 'खचणे' हे क्रियापद नीट बघा, पावसाळ्यात रस्ता खचतो, विहिरीचा काठ खचतो, म्हणजे आधार सुटला की तो भाग खाली बसतो. इथे तसंच झालं, भूकवच दोन्हीकडून ताणलं गेलं, प्रस्तरभंग (म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगा) पडले आणि मधली पट्टी त्यांच्या कडेनं खाली सरकली, पण एका रात्रीत नाही, कोट्यवधी वर्षं हळूहळू खचत राहिली आणि तेवढ्यात नद्या वाळू, चिखल, झाडपाला आणून टाकत राहिल्या. सुरुवात साधारण 29 कोटी वर्षांपूर्वीची. आज तिथे काही किलोमीटर जाडीचा गाळाचा खडक आहे आणि आपला दगडी कोळसा त्यातच. त्यामुळे खचदरी शब्द मला अगदी पटतो, त्यात ती कशी झाली तेच सांगितलंय.

'खोरं' मात्र इथे नको. खोरं पाण्याचं असतं, पडलेला पाऊस ज्या नदीला मिळतो तेवढा प्रदेश. इंग्रजीतल्या बेसिन या एकाच शब्दात दोन्ही अर्थ येतात म्हणून भाषांतरात हा घोळ होतो. साचलेल्या गाळासाठी 'द्रोणी' चांगला, पळसाच्या पानाचा द्रोण डोळ्यासमोर आणा, कडा वर, मध्ये खोलगट, त्यात ओतलेलं साठतं.

— ताई, द्रोणाच्या कडा सगळीकडून सारख्या वर येतात, इथे कड प्रस्तरभंगानं सरळ कापलेली असते ना? म्हणून घडण सांगताना खचदरी आणि गाळाचा साठा सांगताना द्रोणी, असं दोन्ही ठेवावं. जाता जाता, याच द्रोणीत बारापासॉरस हा डायनासोर सापडला, त्यातलं 'बारा' म्हणजे 12 नाही, बंगालीतला 'बडो पा' म्हणजे मोठा पाय! तो खडकांच्या ज्या 'कोटा' थरातला, ते कोटाही राजस्थानातलं नाही, सिरोंच्याजवळचं प्राणहितेकाठचं गाव.

— मी यवतमाळातल्या वणीकडचा. आमच्याकडे काही गावांत बोअर मारला की आधी काळा दगड लागते अन् तो संपला की खाली वाळूचा दगड. वरचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे खालची द्रोणी भरून कित्येक कोटी वर्षं झाल्यावर लाव्हा येऊन तिच्या पश्चिमेच्या भागावर पसरला. आता माझा शब्दावर आक्षेप आहे, याला सगळे सरसकट 'ज्वालामुखी' म्हणतात, पण मुख कुठाय? हा लाव्हा बराचसा जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून वर आला. धुळे-नंदुरबारकडे त्या भेगांत थिजलेला लाव्हा आजही काळ्या भिंतींसारखा कित्येक किलोमीटर उभा दिसतो, जवळ जाऊन हात लावता येतो. 'भेगी उद्रेक' हा शब्द आहे न आपल्याकडे, तोच वापरा. ज्वालामुखी म्हटलं की पोरं वहीत टोकदार डोंगर काढतात अन् वर धूर.

— हो, आमच्या मुलीनं कालच तसंच चित्र काढलंय. आज बसून खोडायला लावतो आणि त्याजागी भेग काढू.