भर पावसात 'उन्हाळी अयनदिन'?

फोंडेकर: सातवीच्या मुलांसाठी ऋतुचक्राचा पाठ मराठीत आणतोय. २१ जूनच्या 'समर सॉल्स्टिस'ला 'उन्हाळी अयनदिन' लिहिलं आणि अडलो. त्या दिवसांत आपल्याकडे गोव्यात पागोळ्या गळत असतात. मुलं विचारणारच, उन्हाळा कुठाय? दुसरा शब्द सुचवा.

डिचोलीची: 'दक्षिणायनारंभ'. सूर्य कर्कवृत्तावरून मागे फिरतो, एवढंच सांगायचंय ना?

पेडण्याहून: आमच्या घरी उत्तरायण म्हणजे मकर संक्रांत, १४ जानेवारी. त्या हिशेबाने दक्षिणायन जुलैत. मुलं घरी विचारतील तेव्हा घोटाळा होईल.

डिचोलीची: ते निरयन गणित, ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाची सूर्याची जागा, ताऱ्यांमधून साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतो, म्हणून संक्रांत मागे राहिली. सूर्य वळतो डिसेंबरात २१-२२ लाच. सायन गणनेत, म्हणजे संपातापासून मोजलं, तर २१ जूनला वर्षा ऋतूच सुरू होतो. आपल्याला याहून चपखल काय हवं?

तिसवाडीकर: सरळ 'सॉल्स्टिस' लिहा, मुलं गूगल तरी करतील. लॅटिनमध्ये अर्थ सूर्याचं थांबणं, आणि 'अयन' म्हणजे जाणं. थांबण्याला जाणं कसं म्हणायचं?

डिचोलीची: अयन संपतं तो दिवस म्हणून अयनदिन. शब्द आपल्याकडे असताना उसना कशाला?

फोंडेकर: मला 'उन्हाळी' खटकतंय, 'अयन' नव्हे. पृथ्वीच्या अक्षाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे सूर्य आपल्या डोक्यावर दोनदा येतो: मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. २१ जूनला तो माथ्याच्या आठेक अंश उत्तरेला असतो. ढग फाटले तर भरदुपारी तुळशीवृंदावनाची सावली दक्षिणेला पडलेली दिसेल. दिवस सर्वांत मोठा, सुमारे तेरा तासांचा, पण उकाडा मेमध्येच सरलेला.

पेडण्याहून: मग 'जून अयनदिन' लिहा. ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा असतो, तिथेही चालेल.

मडगावकर: हिवाळ्यावरून आठवलं. पोर्तुगीज इथल्या पावसाळ्याला 'इन्व्हेर्नु' म्हणत, म्हणजे त्यांचा हिवाळाच! मान्सूनही त्यांच्या 'मोंसांव'मधून आला, तो अरबी 'मौसिम'वरून. आपला 'मोसम' त्याच घरातला.

तिसवाडीकर: आणि 'पुरुमेंत'? तोही पोर्तुगीजच, 'प्रोव्हिमेंतु'. पावसाळ्याची बेगमी.

डिचोलीची: 'बेगमी' असताना पुरुमेंत कशाला?

मडगावकर: बाय, बेगमी कसलीही होते, वर्षभराच्या धान्याचीसुद्धा. पुरुमेंत म्हणजे सुकी मासळी, मिरची, कोकमाची सोलं, मेमध्येच भरलेली. आमच्या आजीने दुसरा शब्द कधी वापरला नाही.

पेडण्याहून: आमच्याकडे सोलं वेगळी धरतात, पुरुमेंतात नाही. तुमच्याकडे धरतात?