फ्लाइट डिस्पॅचरची नोकरी: पगार किती, आणि मान आहे का?

अभिजित_मिरज

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. तिनं यंदा सांगलीतून फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि आता फ्लाइट डिस्पॅचरच व्हायचं म्हणून हटून बसली आहे. पुण्यातल्या एका क्लासनं काही लाख फी सांगितली आहे, वर नोकरीची हमी. बाबा विचारतात, "म्हणजे विमानात सामान चढवायचं काम का?" मामाचं म्हणणं, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. मला यातलं काहीच कळत नाही. इथे प्रत्यक्ष हे काम करणारं कोणी आहे का? सुरुवातीला हातात किती पडतात, पुढे किती वाढतात, आणि कंपनीत या लोकांना कोणी विचारतं का?

कृष्णाकाठ

अभिजितदादा, मी मूळची कराडची. गुरुग्रामला एका विमान कंपनीच्या कंट्रोल सेंटरमध्ये डिस्पॅचर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बाबांसाठी. सामानाशी आमचा संबंध फक्त त्याच्या वजनापुरता. विमान कोणत्या मार्गानं आणि किती उंचीवरून जाणार, किती इंधन घेणार, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे वळणार, हे सगळं आम्ही आखतो आणि कॅप्टनकडे पाठवतो. त्यासाठी हवामान बघायचं. नोटॅम वाचायचे, म्हणजे कुठली धावपट्टी कधी बंद, कुठली यंत्रणा नादुरुस्त, अशा सूचना. विमानातलं एखादं उपकरण बिघडलेलं असेल तर तसंच उडायची मुभा आहे का आणि कोणत्या अटींवर, तेही तपासायचं. विमान उडालं की त्याच्यावर लक्ष ठेवायचं. एका वेळी अशी बरीच विमानं एका माणसाकडे असतात.

उदाहरण देते. जुलै महिना, दिल्लीहून मुंबईला निघालेलं एअरबस ए३२० विमान. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. पाऊस कोसळायला लागला की आकाशात रांग लागते. ए३२० तासाला साधारण अडीच टन इंधन पितं. नियमानं मुंबईपर्यंतचं इंधन हवं, त्यावर थोडी जादा तरतूद, मग पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि तिथे पोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव. हे झालं किमान. त्यावर किती चढवायचं, तिथे डिस्पॅचरचं डोकं लागतं. पर्यायी म्हणून अहमदाबाद धरू की हैदराबाद? अहमदाबाद जवळ आहे, पण मुंबई बंद झाली की सगळेच तिकडे वळतात आणि विमानं उभी करायला जागा उरत नाही. इंधन फार घेतलं तर ते वाहून नेण्यातच इंधन जळतं. कमी घेतलं तर वर कॅप्टनच्या हातात वेळ राहत नाही.

यात पैशांचंही गणित असतं. विमानाच्या इंधनावरचा व्हॅट प्रत्येक राज्यात वेगळा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मुंबई, पुणे, रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठून जास्त भरून न्यायचं आणि कुठे कमी घ्यायचं याची सगळी आखणी बदलली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं खालून अरबी समुद्रावरून वळवावी लागली. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही फेऱ्यांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीच्या फेऱ्याच थांबवाव्या लागल्या, कारण लांबच्या वाटेनं त्यांच्या विमानांचा पल्ला पुरेना. असे मार्ग रातोरात नव्यानं आखायचे तेव्हा ते काम डिस्पॅचच्या टेबलांवरच होतं. त्याबद्दल कुठे दोन ओळी छापून आल्याचं मी पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आता पगार. शिकाऊ असताना मला हातात तीस-पस्तीस हजार मिळत. गुरुग्रामचं खोलीभाडं आणि डबा गेला की घरी पाठवायला फारसं उरत नसे. डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता मिळाली की चांगली वाढ होते. काही वर्षांनी, मोठ्या विमानांचा आणि लांब पल्ल्याचा अनुभव जमला की लाखाच्या आसपास पोचता येतं. त्यापुढे मात्र पायऱ्या थोड्याच आहेत: शिफ्टचा प्रमुख, मग ड्यूटी मॅनेजर. ज्या कॅप्टनला आम्ही प्लॅन पाठवतो त्याचा पगार आमच्या कितीतरी पट असतो. त्याच्या पगाराबद्दल माझी तक्रार नाही, तीनशे जीव घेऊन तो वर जातो. पण तोच प्लॅन आखणाऱ्याला कंपनी कारकुनांच्या श्रेणीत बसवते, तिथे माझं भांडण आहे.

मानाचं विचारलंत. माझ्या मते त्याची खूण एकच: डिस्पॅचरनं "हे विमान असं जाणार नाही" म्हटलं तर ते थांबतं का?

२८ नोव्हेंबर २०१६ ला लामिया कंपनीचं विमान बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून कोलंबियात मेडेयिनकडे निघालं, शापेकोएन्से हा ब्राझीलचा फुटबॉल संघ घेऊन. फ्लाइट प्लॅनवर प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं, आणि इंधन पुरेल तो वेळही ४ तास २२ मिनिटं! विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी हरकत घेतली. कंपनीच्या डिस्पॅचरनं सांगितलं, कॅप्टन म्हणतात पुरेल. मुक्कामाच्या अलीकडे इंधन संपलं आणि विमान डोंगरावर आदळलं. ७७ पैकी ७१ माणसं गेली, त्यात तो डिस्पॅचरही होता. कॅप्टन त्या कंपनीचा भागीदार होता. तिथे पगारी डिस्पॅचरनं मालकाला नाही कसं म्हणायचं? त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

आपल्याकडची परिस्थिती इतकी वाईट अजिबात नाही. बहुतेक कॅप्टन नीट ऐकतात, विचारतात, आभार मानतात. पण अंतिम जबाबदारी त्यांची असल्यामुळे आमचा शब्द सल्ला म्हणूनच राहतो, आणि सल्ल्याचे पैसे सल्ल्याएवढेच मिळतात.

टेक्सासकर

कृष्णाकाठताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. इथे अमेरिकेत डिस्पॅचरला सरकारी सर्टिफिकेट लागतं, आणि मोठ्या विमान कंपन्यांच्या नियमांत कॅप्टन आणि डिस्पॅचर यांची जबाबदारी संयुक्त आहे. दोघांपैकी कुणा एकाला जरी उड्डाण असुरक्षित वाटलं तरी विमान निघत नाही. १९३५ मध्ये सिनेटर ब्रॉन्सन कटिंग विमान अपघातात गेले, त्यानंतर बऱ्याच चौकशा झाल्या आणि १९३८ चा कायदा आला. ही व्यवस्था त्या काळातली आहे. नेहमीच्या परिस्थितीत सलग १० तासांपेक्षा जास्त ड्यूटी लावता येत नाही.

पगाराचं म्हणाल तर छोट्या रीजनल कंपन्यांत सुरुवात कमीच आहे, तासाला वीस-पंचवीस डॉलर. तिथे मुलं दुसरी नोकरी करून दिवस काढतात. मोठ्या कंपनीत शिरकाव झाला आणि वरच्या टप्प्याला पोचलं की वर्षाला दीड लाख डॉलरच्या पुढे. ते युनियननं करार करकरून मिळवलेलं आहे.

सावध करतो: इथला २०० तासांचा कोर्स पाच-सहा आठवड्यांत होतो आणि भारतातली मुलं त्यासाठी येतात. त्या कोर्सनं इथे नोकरी करायचा व्हिसा मिळत नाही. सर्टिफिकेटसाठी वयाची २३ वर्षं पूर्ण लागतात, तेही बघा.

उजवी_खुर्ची

मी सहवैमानिक आहे. जानेवारीत पहाटे दिल्लीवर धुक्यात घिरट्या घालताना खालून डिस्पॅचचा निरोप येतो: जयपूर भरलंय, लखनौ मोकळं आहे, तिथलं हवामान असं आहे, तुमचं इंधन अमुक वाजेपर्यंत पुरेल. त्या वेळी कॉकपिटमध्ये आम्हाला हे सगळं शोधायला वेळ नसतो. तो निरोप पाठवणाऱ्याचा चेहरा मी बहुतेक वेळा पाहिलेलाही नसतो. बहिणीला जरूर येऊ द्या. पगाराबाबत ताईंशी पूर्ण सहमत, वाढायलाच हवा.

अभिजित_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते फुटबॉल संघाचं दोनदा वाचायला लावलं आणि आता सामानाचं बोलत नाहीत. बहीण विचारतेय: क्लासला पैसे भरायचे की थेट अर्ज करायचे?

कृष्णाकाठ

आधी थेट अर्ज. डिस्पॅचरची मान्यता क्लास देत नाही. ती डीजीसीए देते, कंपनीमार्फत, ठरावीक प्रकारच्या विमानासाठी, परीक्षा घेऊन. म्हणून खरी अडचण कंपनीत पाय ठेवण्याची आहे. शिकाऊ डिस्पॅचरच्या जागा निघतात तेव्हा फिजिक्सवाल्यांना घेतात. बारावीला गणित होतं ना, तेवढं तपासा.

क्लासला जायचंच असेल तर हमी लेखी मागा. मागच्या तुकडीतली किती मुलं डिस्पॅचर म्हणून लागली ते विचारा, आणि त्यांतल्या दोघांशी फोनवर बोला. चेक-इन काउंटरवर किंवा रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथल्या कामाला, लागलेली मुलंही हे लोक यशस्वी म्हणून मोजतात, मी पाहिलंय. त्याही नोकऱ्या प्रामाणिक आहेत, पण त्यासाठी लाखो रुपये भरायची गरज नाही.

तोवर तिला मेटार (विमानतळावरच्या सध्याच्या हवामानाची नोंद) आणि टॅफ (तिथल्या हवामानाचा अंदाज) वाचायला शिकू दे, फुकट मिळतात. रोज सकाळी मुंबई, गोवा, पुणे, अहमदाबाद या चार ठिकाणांचे वाचायचे, आपण कुठे वळलो असतो ते वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी प्रत्यक्षात काय झालं ते ताडून बघायचं. मुलाखतीत हे हमखास विचारतात. आणि रात्रपाळ्यांचा विचार घरच्यांनी आताच करून ठेवा. लग्नाचं बघायला लागल्यावर तो विषय निघतोच, माझ्याकडे निघाला होता.

तिला मला इथेच निरोप पाठवायला सांगा. या आठवड्यात रात्रपाळी आहे, रविवारी सवडीनं बोलेन.