मदत हवी आहे : मिठागरातील सूक्ष्मजीव विद्यार्थ्यांना कसे दाखवावेत?
सप्रेम नमस्कार. शिरोड्याच्या मिठागरातील दाट खारे पाणी नववीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे ३.५ टक्के असतात. मीठ धरू लागलेल्या वाफ्यात ते २५ टक्क्यांच्याही पुढे जातात, आणि तरीही अशा पाण्यात ड्युनालिएला हे शैवाल व हॅलोबॅक्टेरियमसारखे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण त्यांहून वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव) जगतात, ज्यांच्या रंगद्रव्यांमुळे पाण्याला गुलाबी छटा येते. हॅलोबॅक्टेरियमच्या पेशी गोड्या पाण्यात फुटतात, त्यामुळे काचपट्टी धुऊन रंजक (पेशी ठळक दिसाव्यात म्हणून वापरायचा रंग) लावण्याची नेहमीची पद्धत इथे चालणार नाही, असे मला वाटते. रंजकाविना, ४०० पट वर्धनाखाली, या दोहोंतील फरक मुलांना ओळखता येईल का, आणि नमुना शाळेत पोहोचेपर्यंत कसा जपावा, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.